आधी नवरा

"वळू तपासल्याशिवाय गाईला नावं ठेवता का हो तुमच्या गावात?"

हा प्रश्न एका सासूला, लॅबच्या काउंटरवर, आठ-दहा माणसांसमोर विचारणारा माणूस मी जवळून पाहिला आहे. सासू सुनेला घेऊन आली होती. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती, त्यात सुनेच्या पाच तपासण्या. काउंटरवरच्या या गृहस्थांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली आणि आधी मुलाला पाठवा म्हणून सांगितलं. माझ्या मुलाला काय धाड भरलीय, असं सासू म्हणाली, त्यावर हा प्रश्न. सासूने मालकांकडे तक्रार केली. मालक त्यांना आत बोलावून पंधरा मिनिटं बोलले. ते बाहेर आले आणि पुढच्या सासूलाही तेच सांगितलं, फक्त वळू वगळून.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. कळंबोलीतल्या त्या लॅबमध्ये ते सर्वांत जुने तंत्रज्ञ, आणि मी नुकता डिप्लोमा घेतलेला, त्यांच्या हाताखालचा. वय पंचावन्नच्या पुढे, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, चहा वर्ज्य. लॅबमध्ये येण्यापूर्वी त्यांनी वीस वर्षं देशावरच्या एका सरकारी कृत्रिम रेतन केंद्रात काढली होती. तिथे वळूंचं वीर्य तपासायचं काम. ते सांगत की तिथे नियम साधा होता. गाय गाभण राहिली नाही तर पहिल्यांदा वळूचा कागद काढायचा. माणसांच्या दवाखान्यात आल्यावर त्यांना कळलं की इथे खटला आरोपी ठरवूनच सुरू होतो, आणि आरोपी नेहमी तीच असते.

मी पत्रकांच्या घरात वाढलो. वडील युनियनचे. आमच्याकडे पाहुण्यांना बसायला सतरंजी कमी पडायची, पण पत्रकांचे गठ्ठे कमी पडले नाहीत. अक्षरओळखही मला त्यांच्यावरच झाली, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. काकांनी हे पहिल्या आठवड्यात ओळखलं आणि माझं नाव 'पुढारी' ठेवलं. "पुढारी, काचपट्ट्या पुसल्या का? का त्यांच्यावरही अन्याय झालाय?"

वीर्यतपासणीचं काम लॅबमध्ये दुसरं कुणी करायला तयार नसे. काकांचा त्यात जीव होता. नमुना तासाभराच्या आत हातात आला पाहिजे, ही त्यांची अट. पुरुष दारातून आत येतो, मान खाली, बाटली रुमालात गुंडाळलेली, आणि काका, नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट विचारायचे, "किती वाजता?" नमुन्याला गारवा लागता कामा नये, म्हणून बाटली कमरेला, कातडीला लावून आणायला सांगायचे. स्वतः काचपट्ट्या बगलेत उबवायचे. मे महिन्यात पंखा बंद करून, घामाने निथळत, मायक्रोस्कोपवर वाकलेले असत. शुक्रजंतूंना ते 'पोरं' म्हणत. "चला, चला. उठा रे. हा बघ, हा चाललाय सरळ. बाकीचे नुसते गोल फिरतायत." बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना वाटायचं, आत पाळणाघर आहे.

बाटली घेतल्यावर त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. कामाला कुठं, कुठल्या खात्यात, किती वर्षं. उत्तरं लॅबच्या रजिस्टरात जायची नाहीत. त्यांची एक स्वतःची लांबट वही होती. तिच्यात नाव कुणाचंच नाही, नुसतं खातं, वर्षं, विडी-तंबाखू आणि पोरं किती चालती, किती पडून. भट्टीवरचा, वेल्डर, ट्रकचालक, रंगाच्या कारखान्यातला. सुट्टीच्या दिवशी ते मुंबईला जाऊन एका वैद्यकीय ग्रंथालयातून झेरॉक्स आणायचे आणि पेन्सिलीने रेघा मारून वाचायचे.

त्यांच्या खणात जवसाच्या तेलाची एक बाटली असायची, मुद्दाम उन्हात ठेवून खवट केलेली. कुणी कळवळून विचारलं की मला नेमकं झालंय तरी काय, की ते बाटलीचं बूच काढून त्याच्या नाकाखाली धरत. "वास घ्या. हे झालंय." मग समजावत. शुक्रजंतू म्हणजे डोकं, शेपूट आणि वरून तेलाचा हात फिरवावा तसं पातळ आवरण. शरीरातल्या बाकीच्या पेशींकडे दुरुस्तीचं सामान असतं. याला धावायचं असतं, म्हणून यानं सगळं सामान टाकून दिलेलं. प्राणवायू आपल्याला जगवतो, पण त्यातूनच काही बिथरलेले कण तयार होतात. थोडे असले तर लागतातच. पण विडी, उष्णता, रसायनांच्या वाफा, आतली जुनी सूज, यांनी ते वाढले की या आवरणातल्या तेलावर तुटून पडतात. तेल खवट होतं. आवरण ताठरतं, शेपूट थांबते, आतला वारशाचा मजकूरही फाटतो. मोजायला गेलं तर जंतू लाखोंनी, पण स्त्रीबीजापर्यंत पोहोचणारे नाहीत. झेरॉक्समध्ये याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणत. काका खवटपणा म्हणत, आणि ऐकणाऱ्याला तो समजत असे.

"म्हणजे मी नामर्द न्हाय?" एकाने विचारलं होतं.

"तेल खवट झालं म्हणून बरणीला कोण नामर्द म्हणतं का?" काका म्हणाले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मालकांनी त्यांना काढून टाकलं. कारण मी होतो.

त्याचं असं झालं. नावड्याच्या वसाहतीत राहणारा, साताऱ्याकडचा एक तिशीचा कामगार लॅबमध्ये आला. तळोज्याला रंगाच्या कारखान्यात ड्रायर खात्यात होता, म्हणजे ओला रंग तापवून सुकवायचा, आणि त्यातून उडणाऱ्या रसायनांच्या वाफेत आठ तास उभं राहायचं. घामानं त्याचं बनियन जांभळं झालेलं, नखांच्या कडाही. लग्नाला पाच वर्षं झालेली. त्याची बायको आठवड्यापूर्वी सासूबरोबर येऊन काकांच्या नियमाने परत गेली होती. सासूने दुसरी मुलगी बघून ठेवली होती, आणि दसऱ्याच्या आत सुनेला माहेरी सोडून यायचं ठरवलं होतं. हे सगळं त्याने बाटली देतादेता, भिंतीकडे बघत सांगितलं.

काका मायक्रोस्कोपवर वाकले. मग मला बोलावून बघायला लावलं. पोरं होती, पण पडून. शंभरात चार-पाच हलत होती, तीही जागच्या जागी. सोबत पुष्कळ पूपेशी, म्हणजे आत सूज. एका नमुन्यावर ते कधी बोलत नसत. त्यांनी त्याला चार दिवसांनी पुन्हा यायला सांगितलं.

चार दिवसांनी तो आला, या वेळी भलताच मोकळा. काकांनी काचपट्टी बघितली, पुन्हा बघितली, आणि दार लावून घेतलं. जंतू दुप्पट होते. पूपेशी एकही नव्हती. पण पोरं तशीच पडून.

"हा नमुना कुणाचा?" काकांनी विचारलं.

"माझाच."

"चार दिवसांत माणूस बदलत नाही. रागावत नाही मी. कुणाचा?"

तो स्टुलावर बसला. खात्यातल्या जोडीदाराचा होता. त्याला दोन पोरं, म्हणून खात्रीचा माल. दोघांनी मिळून ठरवलेलं, की चांगला कागद मिळाला की आईपुढे टाकायचा. "कागद चांगलाच यील ना, काका? त्याला दोन हायेत."

पोरं कधीची, काकांनी विचारलं. गावाकडची, तो म्हणाला. कारखान्यात लागायच्या आधीची.

मला आठवतं, काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ज्याच्या भरवशावर फसवायला आला होता, तोही त्याच्यासारखाच. त्यालाही हळूहळू ते समजलं असावं, कारण त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. आणि त्याच्या बायकोला माहेरी घालवायला निघालेत, हे माझ्या डोक्यात घणासारखं वाजायला लागलं.

काकांचं म्हणणं सरळ होतं. नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस त्याला त्या खात्यातून बाजूला काढायचं, तंबाखू बंद, आतली सूज डॉक्टरांकडून बरी करून घ्यायची, रोज आवळा, पेरू, टोमॅटो. मग पुन्हा बघायचं. मूल होईलच असं नाही, पण वाट बघण्यासारखं नक्की. खातं बदलायला कारखान्याला डॉक्टरांचं पत्र हवं होतं. आमच्या मालकांकडे, ते डॉक्टर होते, काका पत्र मागायला गेले. त्याच कारखान्याच्या कामगारांची वार्षिक तपासणी आमच्या लॅबकडे होती. मालकांनी दोन नमुन्यांवर असलं पत्र देता येत नाही म्हणून सांगितलं.

"खरं आहे त्यांचं," काका बाहेर येऊन म्हणाले. "दोनावर नाही देता येत."

मी भडकलो. मालक विकले गेलेत, हे तुम्हाला दिसत नाही का, म्हणून विचारलं. काका म्हणाले की मालक विकले गेलेत हे खरं, आणि दोन म्हणजे दोन हेही खरं. एक खरं पुसायला दुसरं वापरू नये. मग त्यांनी त्या कामगाराला कामाला लावलं. ड्रायर खात्यात तिन्ही पाळ्यांचे मिळून नऊ जण होते. त्याने एकेकाला गाठून, समजावून, सहा जणांना तयार केलं. रविवारी लॅब बंद असते, तेव्हा यायचं, नाव कुठे लागणार नाही. सहा आणि दोन आठ. आठ काचपट्ट्या एका खात्याच्या, एकसारख्या, म्हणजे कारखाना निरीक्षकापुढे ठेवण्यासारखा तक्ता. आणि त्याने काकांना शब्द दिला की त्याच रविवारी तो आईला स्वतःच्या तोंडाने सांगेल.

रविवारला पाच दिवस होते. मला ते पाच दिवस धरवले नाहीत. माझ्या हाताशी एवढा मोठा अन्याय होता आणि आमचे काका काचपट्ट्या मोजत बसले होते. मी पत्रक लिहिलं. 'ड्रायर खात्यात बाप होण्याचा हक्क जळतो आहे!' पिवळ्या कागदावर छापून घेतलं आणि गुरुवारी दुपारी, पाळी बदलताना, गेटवर स्वतः वाटलं. मी एकाही माणसाचं नाव घातलं नव्हतं. कारखान्याचं घातलं, खात्याचं घातलं. नावं नाहीत म्हणजे कुणाला धक्का नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. आमच्या घरी पत्रकं अशीच निघायची. पण तिथे खातं म्हणजे हजार माणसं. इथे नऊ होती, आणि सगळी वसाहत त्या नऊ जणांना घामाच्या रंगावरून ओळखत होती.

संध्याकाळपर्यंत पानटपरीवर त्या नऊ जणांना नवं नाव पडलं. ते मी लिहीत नाही. एकाच्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न अडलं, दुसऱ्याने टपरीवर मारामारी केली. कारखान्याचं काय झालं? काही नाही. ते खातं अजून चालू आहे. माहिती आमच्या लॅबमधून गेली हे ओळखून त्यांनी वार्षिक तपासणीचं काम तेवढं काढून घेतलं, आणि मालकांनी त्याचा राग काकांवर काढला. मी आजही तिथून जातो तेव्हा धुराड्याकडे बघतो.

रविवारी सकाळी आठ वाजता काकांनी लॅब उघडली, ऊब देणारी पेटी लावली, सहा बाटल्या मांडल्या. आम्ही वाट पाहत बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. काकांनी ओरडावं म्हणून मी तडफडत होतो. अकराला ते म्हणाले, "पुढारी, तुझ्या कागदात चूक एकही नाही. मी दोनदा वाचला. पण त्यात कंपनीला तू ओळखतोस. माणसांना नाही ओळखत."

त्यानंतर जी आली ती बाई होती. त्या कामगाराची बायको, एकटी, नावड्याहून चालत. पदर घामाने भिजलेला. तिने उभ्यानेच सांगितलं. नवऱ्याने घरात बोलून टाकलंय, की मी तपासून आलोय, माझ्यात काही नाही. बाहेर लोक तसलं बोलतायत म्हटल्यावर घरात तरी मान वर ठेवायला नको का. आता सासू थांबत नाही. दुपारच्या गाडीनेच निघायचं म्हणते.

"त्यांचा कागद तेवढा द्या मला," ती म्हणाली. "आत्याबाईंच्या म्होरं ठिवते."

काका म्हणाले, "नाही देता येत, बाई. कागद ज्याचा त्याच्या हातात."

"मंग माझा द्या. माझ्यात काय न्हाय असा."

आणि तेव्हा मी काकांना पहिल्यांदा गडबडलेलं पाहिलं. तिचा कागद नव्हताच. आधी नवरा, या नियमाने त्यांनी तिला परत पाठवलं होतं. तिला तपासलंच नव्हतं, आणि तपासायचं तर महिना जाणार. मी मध्ये पडलो. मी म्हणालो की तुमचे नियम घाला चुलीत, तिचं आयुष्य चाललंय, द्या तिला त्याचा कागद. मी रजिस्टराकडे हातसुद्धा नेला. काकांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"एकदा तू त्याला गेटवर उघडा केलास," ते म्हणाले. "आता मी घरात करू?"

त्यांनी पेटी बंद केली, चपला घातल्या आणि बाईंना म्हणाले, "चला. मी येतो." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तूही."

त्यांना पुढे मूल झालं का, असं ही गोष्ट ऐकणारे मला विचारतात. मला माहीत नाही. आणि ऐकून झाल्यावर पहिला प्रश्न हाच सुचणाऱ्यांचा मला राग येतो.

खोली एकच होती. खाटेवर सासू, पायाशी बांधलेली पिशवी. तो कोपऱ्यात, दुसऱ्या पाळीला निघायच्या कपड्यांत, डबा हातात. मला बघून त्याचे डोळे असे झाले की मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. बायको आत जाऊन भिंतीशी उभी राहिली. काका विचारल्याशिवाय जमिनीवर बसले.

"तुमच्या मुलाबद्दल मी काही सांगणार नाही," ते सासूला म्हणाले. "तो माझा हक्क नाही. मी एवढंच सांगायला आलो, की तुमच्या सुनेला मी तपासलेलं नाही. कुणीच तपासलेलं नाही. पाच वर्षं तुम्ही जे म्हणताय, त्याला जगात कुठेही कागद नाही."

"कागद कशाला पायजे? दिसतंय की."

"काय दिसतंय?"

सासूने पिशवीची गाठ आवळली. मला वाटलं आता काका उठतील. ते उठले नाहीत. तसेच मांडी घालून, हात गुडघ्यांवर, कुणाकडेही न बघता बसून राहिले. वीस वर्षं वळूंजवळ थांबलेला माणूस होता. थांबणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. नाक्यावर कारखान्याची बस आली, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला.

"आरं, गाडी आली," सासू मुलाला म्हणाली.

तो उठला नाही. बस गेल्याचा आवाज आला. त्याने डबा खाली ठेवला, झाकण उगाच दाबलं, आणि डब्याकडेच बघत बोलला.

"आई, माझ्यातच हाय ते. मला म्हैत हाय. हिच्यात न्हाय."

मला वाटलं ती आता रडेल, किंवा काकांना हाकलेल, किंवा दारात उभ्या असलेल्या मला शिव्या घालेल. मी त्या खाल्ल्या असत्या. तिने यातलं काहीच केलं नाही. ती मुलाकडे बघत राहिली.

"मंग पाच वर्सं," ती सावकाश म्हणाली, "मला हिला बोलू का दिलंस?"

इतका वेळ भिंतीशी उभी असलेली ती बाई पुढे आली, पायाने पिशवी बाजूला सारली आणि खाटेवर सासूच्या शेजारी बसली.